आजोळचं टक्कल

आसामात जोरहाटजवळ होल्लोंगापार नावाचं एक छोटं अभयारण्य आहे. चारी बाजूंनी चहाचे मळे आणि मधे राहिलेला जंगलाचा तुकडा. पण त्या एवढ्याशा तुकड्यात वानरकुळातल्या सात जाती नांदतात. त्यातलं एक माकड मोठं नवलाचं. शेपूट जेमतेम दोन-तीन इंच, तोंड लालबुंद, अंगावर दाट तपकिरी केस. पिल्लू जन्मतं ते पांढरंशुभ्र आणि डोकं केसांनी भरलेलं. वयात आलं की मात्र त्याच्या कपाळावरचे केस विरळ व्हायला लागतात. नराचे होतात, मादीचेही होतात. म्हातारपणी कपाळ पार उघडं पडतं.

आता सांगा, बाळांनो, त्या माकडानं कधी हेल्मेट घातलं होतं? बोअरच्या जड पाण्यानं डोकं धुतलं होतं? शाम्पू बदलला होता की बारावीच्या परीक्षेची रात्र जागून काढली होती? यातलं काहीच नाही. तरी टक्कल पडतं, आणि तेही पिढ्यानुपिढ्या, वयाच्या ठरावीक टप्प्यावर. केस कसे जातात याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी या माकडांवर वर्षानुवर्षं केला. म्हणून मी गोष्ट त्यांच्यापासून सुरू केली. कारण आधीच डोक्यातच कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार, हे मनाशी धरा, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल.

आणि गोष्ट का सांगतोय तेही बोलून टाकतो. आपला थोरला गेला महिनाभर आधी आरशात बघतो, मग माझ्या डोक्याकडे बघतो. कुणीतरी त्याला सांगितलंय की टक्कल आजोळकडून येतं, आणि मी पडलो त्याच्या आईचा बाप. ऐक रे राजा, त्यात खरं आहे, पण सगळं नाही. शांतपणे ऐकायचं असेल तर मांडी घालून बस.

आधी केसाची रीत समजून घेऊ. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाची मुळी आईच्या पोटातच तयार झालेली असते. जन्मानंतर नव्या मुळ्या तयार होत नाहीत. प्रत्येक मुळीला स्वतःचं वेळापत्रक असतं. दोन ते सहा वर्षं ती केस वाढवते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरतं घेते आणि तीनेक महिने विसावते. जुना केस गळतो आणि त्याच मुळीतून नवा डोकावतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा या व्यवहाराचाच भाग आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक मुळी आपल्या वेळेनं चालते, म्हणून सगळे केस एकदम जात नाहीत.

टक्कल पडताना मुळी मरते असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. केस वाढवण्याचा तिचा काळ दर फेरीला आखडत जातो. सहा वर्षांचा तीन होतो, तिनाचा एक, आणि पुढे काही महिनेच उरतात. केसही दर वेळी आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका येतो. शेवटी उरते ती लव. माझ्या टाळूवर भिंग धरून बघा, हवं तर आत्ताच बघा. दिसली ना लव? मुळ्या अजून तिथेच आहेत, फक्त खुरटल्या आहेत.

हे खुरटवतं कोण? याचा पहिला धागा फार जुना आहे. दोन हजार चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये हिपॉक्रेटस नावाचा वैद्य होऊन गेला. लहानपणीच ज्यांचे वृषण काढलेले असतात अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्यानं नोंदवून ठेवलं. ॲरिस्टॉटलनंही तेच पाहिलं होतं. पण कारण कुणाला सांगता येईना. ते पहिल्यांदा नीट पुढे आलं १९४२ साली. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञानं अशाच पुरुषांचा अभ्यास केला. कुणाचे वृषण अपघातानं किंवा आजारानं गेले होते, कुणाचे जन्मापासून वाढलेच नव्हते. वय कितीही झालं तरी त्यांच्या कपाळाची रेषा मुलासारखी जागच्या जागी होती. त्यातल्या काहींना हॅमिल्टननं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणात तयार होणारं पुरुषी संप्रेरक, टोचून पाहिलं. आता गंमत बघा. ज्यांच्या घरात बाप, काका, मामा टकले होते, त्यांचे केस जायला लागले. ज्यांच्या घरात टक्कल नव्हतं, त्यांना तेच औषध देऊनही फारसं काही झालं नाही. इंजेक्शनं थांबवली की केस जाणंही थांबायचं, पण गेलेले परत यायचे नाहीत.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. औषध एकच, माणसंही सारख्याच अवस्थेतली, तरी निकाल वेगळा, आणि तो वेगळेपणा घराण्याप्रमाणे. म्हणजे संप्रेरक तर हवंच, पण ते झेलणारी मुळी कशी आहे हे वंशातून येतं. तिसरी गोष्ट वय. हॅमिल्टननं या तिन्ही गोष्टी तेव्हाच सांगून ठेवल्या.

मग जगाच्या दुसऱ्या टोकाला एक गाव सापडलं. डॉमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन समुद्रातला देश आहे, त्याच्या नैऋत्येला सालिनास हे खेडं. तिथल्या आपसात नातेसंबंध असलेल्या काही घराण्यांत काही मुलं अशी जन्मायची की ती दिसायला मुलगीच वाटायची. आईबाप त्यांना मुलगी म्हणूनच वाढवायचे. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र त्यांचा आवाज फुटायचा, खांदे रुंदावायचे, आणि ती मुलगे म्हणून पुढचं आयुष्य जगायची. गावाला याचं आश्चर्य उरलं नव्हतं, त्यांनी त्या मुलांसाठी वेगळं नावही ठेवलं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टर ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली तिथे पोहोचल्या, घराघरांची वंशावळ मांडली, रक्त-लघवी तपासली, आणि १९७४ साली कारण जगापुढे ठेवलं. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून आणखी एक जोरकस संप्रेरक बनतं, त्याला थोडक्यात डीएचटी म्हणतात. ते बनवणारं विकर या मुलांच्या शरीरात नीट तयारच होत नव्हतं. बिघडलेलं जनुक आई आणि बाप या दोघांकडून आलं तरच असं व्हायचं, म्हणून ते एकमेकांत लग्नं होणाऱ्या घराण्यांत दिसत होतं.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. हे पुरुष मोठे झाले, म्हातारे झाले, पण त्यांच्यापैकी कुणाच्या कपाळाची रेषा मागे हटली नाही. दाढी त्यांना विरळ यायची आणि प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहायची. शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही टक्कल नाही! म्हणजे मुळीला खुरटवणारं खरं रसायन डीएचटी आहे, हे एका खेड्यातल्या माणसांनी जगाला दाखवून दिलं. एका औषध कंपनीनं त्यावरून डीएचटी रोखणारं फिनास्टेराइड बनवलं. ते १९९२ मध्ये आधी प्रोस्टेटच्या त्रासासाठी आलं, आणि १९९७ मध्ये पाचव्या हिश्शाच्या मात्रेत टकलासाठी. त्याचे दुष्परिणामही आहेत, आणि गरोदर बाईनं तर त्या फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नसतो. तेव्हा मित्रानं घेतलं म्हणून मेडिकलमधून आणून खायचं औषध नव्हे ते. त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

धाकटीनं विचारलेला प्रश्न बरोबर आहे. डीएचटी तर रक्तातून सगळीकडे फिरतं, मग माझ्या डोक्याच्या मागची आणि कानांवरची झालर कशी शाबूत राहिली? शिवाय त्याच संप्रेरकानं दाढी-मिश्या दाट होतात. एकच रसायन हनुवटीवर केस वाढवतं आणि टाळूवर खुरटवतं, हे कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही. पण एक उत्तर न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दिलं. मागच्या केसांच्या मुळ्यांसकट त्वचेचे छोटे गोल तुकडे काढून त्यांनी पुढच्या उघड्या जागी बसवले. ते केस नव्या जागीही जोमानं वाढत राहिले. टाळूवरचे तुकडे मागे नेऊन बसवले तर ते तिथेही खुरटतच गेले. नशीब जागेचं नसतं, मुळीचं असतं. आजचं केसरोपण याच पायावर उभं आहे. जपानच्या शोजी ओकुदा यांनी मुळ्या उचलून लावायचं तंत्र १९३९ सालीच लिहून ठेवलं होतं, पण युद्धाच्या धामधुमीत ते बाहेरच्या जगाला कळलंच नाही.

बरं, आता थोरल्याच्या प्रश्नाकडे येऊ. हे मुळीचं नशीब येतं कुणाकडून?

१९१६ साली डोरोथी ऑसबर्न या अमेरिकी संशोधकाबाईंनी बावीस कुटुंबांचा अभ्यास करून सांगितलं की टकलाचं एकच जनुक असतं. पुरुषाला ते एकाकडून मिळालं तरी टक्कल पडतं, बाईला दोघांकडून मिळावं लागतं. सोपं, सुटसुटीत, आणि म्हणूनच ते पुस्तकांतून साठ-सत्तर वर्षं चाललं. पण घराघरांतली माणसं त्या नियमाला जुमानेनात. एकाच आईबापाच्या चार मुलांत एकाचं कपाळ पंचविशीत मोकळं, दुसऱ्याचं पन्नाशीत, तिसऱ्याचे केस शेवटपर्यंत तसेच. एका जनुकाच्या हिशोबात एवढ्या छटा बसत नाहीत.

इकडे आपल्याकडे जुनी माणसं संस्कृतातलं एक वचन सांगत आली, नराणां मातुलक्रमः, मुलगा मामाच्या वळणावर जातो. २००१ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या जस्टिन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे शोधलं त्यानं या वचनाला अर्धा आधार मिळाला. मुळीतल्या पेशींत एक प्रथिन असतं, ते डीएचटीला पकडतं आणि त्याचं काम पुढे पोचवतं. ते प्रथिन बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. टक्कल पडलेल्या तरुणांपैकी ९८ टक्क्यांत त्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार सापडला. ऐकून वाटेल, झालं, सापडला गुन्हेगार! पण त्याच अभ्यासात केस शाबूत असलेल्या पुरुषांपैकीही ७७ टक्क्यांत तोच प्रकार होता. म्हणजे तो प्रकार असल्याशिवाय तरुणपणी टक्कल बहुधा पडत नाही, पण तो असला म्हणून पडतंच असंही नाही.

आता एक्सचा हिशोब मांडूया, कागद घे. मुलाला वाय मिळतो वडिलांकडून आणि एक्स फक्त आईकडून. म्हणून एक्सवरचं जे काही असेल ते तुला तुझ्या आईनंच दिलं, वडिलांचा त्यात वाटाच नाही. पण तुझ्या आईकडे एक्स दोन आहेत. एक तिला माझ्याकडून आला, एक तुझ्या आजीकडून. ती तुला देताना एक उचलून देत नाही. दोन पत्त्यांचे जोड एकत्र पिसावेत तसे त्या दोन्ही एक्सचे तुकडे आपसात मिसळतात आणि त्यातून एक नवाच एक्स तयार होऊन तुझ्या वाट्याला येतो. हे विशिष्ट जनुक माझं असण्याची शक्यता निम्मी, आजीचं असण्याची निम्मी. तुझ्या धाकट्या भावाच्या वेळी पुन्हा नवं पिसणं झालं. म्हणून तुम्हा दोघांना वेगवेगळं येऊ शकतं.

आणि मामा? हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. तुझ्या मामाला माझा एक्स मिळालेलाच नाही. तो माझा मुलगा, त्याला मी वाय दिला. त्याचा एक्स संपूर्णपणे तुझ्या आजीचा. तेव्हा या एका जनुकापुरतं बोलायचं तर माझं डोकं आणि मामाचं डोकं या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. मामाकडे बघून तुला आजीच्या बाजूचा अंदाज येतो, माझ्याकडे बघून माझ्या आईच्या बाजूचा, कारण माझा एक्सही मला तिच्याकडूनच आलाय. टक्कल नसलेली आजीसुद्धा ते वाहून नेऊ शकते. पिढ्यानुपिढ्या बायकांच्या हातून हे चालत आलं आणि दिसलं मात्र पुरुषांच्या डोक्यावर. किती विलक्षण आहे हे!

पण एवढ्यावर थांबलो तर तीही ऑसबर्नबाईंचीच चूक होईल, सगळा भार एकाच जनुकावर टाकण्याची. टकल्या बापाच्या मुलांना टक्कल पडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बापाचा एक्स तर मुलाकडे जातच नाही. मग ते येतं कुठून? बाकीच्या गुणसूत्रांवरून. २००८ साली विसाव्या गुणसूत्रावर पहिला मोठा पुरावा सापडला, आणि तो दोन वेगळ्या गटांना एकाच वेळी सापडला. २०१७ मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ५२,००० पुरुषांची जनुकं तपासली. टकलाशी जोडलेल्या २८७ जागा निघाल्या. त्यातल्या ४० एक्सवर, बाकी आई आणि बाप या दोघांकडून येणाऱ्या गुणसूत्रांवर. या सगळ्या जागांचे गुण मांडून त्यांनी अंदाजही करून पाहिला. सर्वांत वाईट गुण असलेल्या दहा टक्क्यांतसुद्धा बऱ्यापैकी किंवा जास्त टक्कल पडलेले ५८ टक्केच निघाले. एवढी मोठी यादी हातात असूनही उरलेल्या ४२ टक्क्यांच्या बाबतीत तिचा अंदाज चुकला असता. मग नुसतं माझं डोकं बघून तुझं भविष्य कोण सांगणार?

वंशाचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. जुळ्या भावांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासांत, एका माणसाला टक्कल आणि दुसऱ्याला नाही या फरकाचा साधारण ८० टक्के भाग वंशातून येतो असं दिसलं. पण तो वंश म्हणजे आजोळ आणि वडिलांचं घर, दोन्ही मिळून.

बायकांचे केस पुरुषांसारखे कपाळावरून मागे हटत नाहीत. पुढची रेषा राहते आणि भांग रुंद होत जातो. त्यालाही घराण्याचा ओघ असतो, मात्र एक्सवरच्या त्या जनुकाचा हात त्यात तितका स्पष्ट दिसलेला नाही. शिवाय बायकांचे केस पुष्कळदा लोह कमी पडल्यानं, थायरॉइडमुळे, बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड-डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात. ताप येतो तेव्हा एकदम खूप मुळ्या विसाव्यात जातात आणि त्यांचे केस तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ते परत येतात. तेव्हा धाकटे, तुझ्या मावशीचे केस विरळ झाले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आधी रक्त तपासून घ्यायचं.

आता दुसरी गोष्ट, चाईची. चाई म्हणजे डोक्यावर एकदम रुपयाएवढा गुळगुळीत गोल पडतो ना, ती. खेड्यात म्हणतात केसांना कीड लागली. मग कांदा चोळतात, लसूण घासतात, आणि पोराला वर्गात कुणी शेजारी बसवून घेत नाही. कीडबीड काही नसते आणि ती एकाची दुसऱ्याला लागतही नाही. शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधीतरी चाई पडते. तेव्हा शेजारी न बसवण्याचा अन्याय किती मुलांवर होत असेल याचा विचार करा.

तिची गोष्ट मी लंडनपासून सांगतो. १९२०च्या दशकात तिथल्या एका पक्षीघरात अगदी उघड्या कातडीचे उंदीर सापडले. त्यांची पिल्लं जन्मल्यावर नेहमीसारखीच केसाळ व्हायची. पण पहिले केस दोनेक आठवड्यांनी गळायला लागायचे आणि पुन्हा उगवायचे नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचा वंश वाढवला गेला. साठ वर्षांनी कळलं की कुठल्या तरी पूर्वज उंदराच्या जनुकात एक विषाणू शिरून बसला होता आणि त्यानंच ते जनुक बिघडवलं होतं.

इकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो नावाच्या जनुकशास्त्रज्ञ होत्या. १९९५ साली त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर चाई पडली. त्रास आपल्याच डोक्यावर आला, मग त्यांनी केसाच्या जनुकांचाच पाठपुरावा केला. तेव्हा पाकिस्तानातल्या वसीम अहमद यांच्यासोबत त्यांना तिथलं एक कुटुंब सापडलं. त्यात कितीतरी जणांच्या डोक्यावर, भुवयांवर, अंगावर, कुठेच केस नव्हते. जन्माच्या वेळचे केस गळायचे आणि परत यायचे नाहीत. आठवलं ना लंडनच्या उंदरांचं पिल्लू? क्रिस्टियानो यांच्या चमूनं उंदराच्या त्या जनुकाचं माणसातलं रूप तपासलं, आणि १९९८ मध्ये जगाला सांगितलं की बिघाड नेमका तिथेच आहे, आठव्या गुणसूत्रावर. हे खरंखुरं एका जनुकाचं काम. आईकडून एक आणि बापाकडून एक, दोन्ही बिघडलेली आली तरच केस जातात. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांत असं एकत्र येणं सोपं जातं.

पण चाईचं कारण ते नव्हतं. क्रिस्टियानो थांबल्या नाहीत. २०१० साली हजाराहून जास्त चाईच्या रुग्णांची जनुकं निरोगी माणसांशी ताडून पाहिल्यावर जी जनुकं पुढे आली ती केसाची नव्हतीच. ती होती शरीराच्या संरक्षणाची. एरवी आपल्या संरक्षक पेशी केसाच्या मुळीकडे फिरकतही नाहीत, तिला तेवढी मोकळीक असते. चाईत मुळी चुकून धोक्याची खूण दाखवते आणि त्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. मुळी मरत नाही, म्हणूनच चाईवर पुष्कळदा आपोआप केस येतात. ज्यांचं फार पसरतं त्यांच्यासाठी संधिवाताचं एक औषध, बारिसिटिनिब, २०२२ साली अमेरिकेत चाईसाठी मान्य झालं. ज्या जनुकांनी वाट दाखवली त्यांचा संबंध संधिवाताशीही होता, म्हणून हे सुचलं.

मग चाई घराण्यात येते का? येते, पण कल म्हणून येते. चाई असलेल्या दर पाच जणांत साधारण एकाच्याच नात्यात दुसऱ्या कुणाला ती झालेली असते. एकाच बीजाच्या जुळ्या भावांत एकाला झाली तरी दुसऱ्याला होते ती जवळपास निम्म्याच वेळा. म्हणजे जनुकं तंतोतंत तीच असूनही निम्मे सुटतात. अशा घरांत कुणाला थायरॉइडचा त्रास, कुणाला कोड, कुणाला लहानपणीच मधुमेह, असं दिसू शकतं, कारण मूळचा कल संरक्षण यंत्रणेचा असतो.

शेवटची गोष्ट आपल्या बुलढाण्याची, आणि ती मला सगळ्यांत जास्त सलते. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव भागातल्या गावांत लोकांचे केस मूठमूठ हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत डोकं मोकळं. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी नावं पेपरात झळकली. अठरा गावांत २७९ जण. घरंच्या घरं, आई, मुलगी, आजोबा, सगळ्यांचे केस गेले. बाहेरच्यांना ही वंशाची खोड किंवा लागण वाटावी, असंच चित्र. तरुण मुलींनी कॉलेजला जाणं थांबवलं, जमलेली लग्नं अडली. आधी पाण्यावर संशय होता. मग महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचारानं कोकणातले कितीतरी जीव वाचवले, तिकडे लक्ष घालू लागले. त्यांनी गावकऱ्यांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले. त्यांच्या तपासणीत सेलेनियम नावाचं खनिज रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढलेलं निघालं, आणि जस्त कमी. त्यांचा निष्कर्ष होता की ते रेशनच्या गव्हातून आलं, पंजाब-हरियाणाकडच्या. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही पट्ट्यांतल्या मातीत सेलेनियम खूप असतं, हे शेतीशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक आहे. चीनमधल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात असंच घडलं होतं, केसही गळाले आणि नखंही. बुलढाण्यातही पुढे एप्रिलमध्ये नखं गळाल्याच्या बातम्या आल्या. मात्र बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवायलाही लागले.

वंशाचा इथे काडीचाही संबंध नव्हता. बावस्करांच्या निष्कर्षाप्रमाणे, ज्यांचं धान्य एक, त्यांचे केस गेले.

तर पोरांनो, कुणाच्या केसांची काळजी वाटली तर मी सांगतो ते करा. एका कागदावर दोन्ही बाजूंची माणसं मांडा, आईकडची आणि वडिलांकडची, बायकासुद्धा. कुणाचे केस कोणत्या वयात गेले, कपाळावरून की भांगातून, गोल चट्टा पडून की एकदम मुठीनं, तेही लिहा. ती यादी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आत्याच्या सासरची मंडळी त्यात घालू नका, त्यांच्याशी तुमचं रक्ताचं नातं नाही. आणि केस अचानक गेले असतील तर दुसरी एक यादी करा, एका पिठाची भाकरी-पोळी खाणाऱ्या सगळ्यांची. त्या यादीत आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंचं नाव विसरू नका. त्याही याच घरचं जेवतात.